डब्ल्यू सीरिजचा पहिला हंगाम : समज आणि वस्तुस्थिती

11 ऑगस्ट 2019 रोजी इंग्लंडातील ब्रँड्स हॅच येथे झालेल्या मोटार-शर्यतीत जेमी चॅडविक ही एकवीस वर्षांची तरुणी चौथी आली आणि पाच लाख डॉलरच्या पारितोषिकाची मानकरी ठरली. ही बातमी ज्यांनी क्रीडापृष्ठावर ओझरती वाचली असेल, त्यांना तिच्यापुढे पोहोचलेल्या तिघींवर घोर अन्याय झाला असे वाटले असल्यास नवल नाही. परंतु या क्षेत्रातले अजिंक्यपद एका दिवसाच्या पराक्रमाचे नसून हंगामभराच्या जमाखर्चाचे असते, आणि त्या दिवशी सकाळी चॅडविकच्या खाती 98 गुण, तर तिची निकटची प्रतिस्पर्धी, नेदरलँड्सची बाइट्स्के व्हिसर, हिच्या खाती 85 गुण जमा होते. पहिल्या क्रमांकास 25, दुसऱ्यास 18, तिसऱ्यास 15 आणि चौथ्यास 12 असा दर ठरलेला. व्हिसर तिसरी आली, तिचे 100 झाले. चॅडविक चौथी आली, तिचे 110 झाले. गंमत अशी की चॅडविक चौथीच राहून व्हिसरने ती शर्यत जिंकली असती, तर दोघींचे गुणही 110 आणि दोघींचे विजयही दोन-दोन झाले असते, व निवाड्यासाठी आयोजकांना नियमावली उघडून बसावे लागले असते. तो प्रसंग ॲलिस पॉवेलने टाळला; शर्यत तिने जिंकली.

केवळ स्त्रियांसाठी योजलेल्या एकासनी, उघड्या चाकांच्या मोटारींच्या या मालिकेचे नाव डब्ल्यू सीरिज. तिची घोषणा ऑक्टोबर 2018 मध्ये झाली, पहिली शर्यत 4 मे 2019 रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे झाली, आणि पुढे बेल्जियममधील झोल्डर, इटलीतील मिझानो, न्यूरेंबर्गचे नोरिसरिंग व हॉलंडमधील आसेन असा प्रवास करीत ती ब्रँड्स हॅचला संपली. सहा शर्यती, प्रत्येक तीस मिनिटे आणि वर एक फेरी, एवढाच तिचा विस्तार. या आटोपशीर हंगामाभोवती जे गैरसमज त्या काळी जमले आणि अद्यापही पुरते विरलेले नाहीत, त्यांचे मात्र आकारमान बरेच मोठे आहे.

त्यांतला सर्वांत दृढमूल समज असा की, टेनिस किंवा धावण्याच्या शर्यती यांप्रमाणे मोटार-शर्यतींतही स्त्री-पुरुषांचे विभाग नियमानेच वेगळे केलेले असून, पुरुषांच्या शर्यतीत स्त्रियांना मज्जाव असल्यामुळे त्यांच्यासाठी ही निराळी सोय करावी लागली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत स्त्रियांना फॉर्म्युला 1 पर्यंतची सर्व दारे उघडी आहेत. इटलीची मारिया तेरेसा दे फिलिपीस 1958 मध्येच जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरली होती. तिचीच देशभगिनी लेला लोम्बार्डी 1975 च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये सहावी आली, आणि ती शर्यत अपघातामुळे अर्ध्यावर थांबवावी लागल्याने तिच्या पदरात एका गुणाऐवजी अर्धाच गुण पडला. तो अर्धा गुण ही आजवर कोणत्याही स्त्रीने फॉर्म्युला 1 च्या जागतिक अजिंक्यपदात मिळवलेली एकमेव कमाई आहे. ज्या ब्रँड्स हॅचवर चॅडविकला अजिंक्यपद मिळाले, त्याच ब्रँड्स हॅचवर दक्षिण आफ्रिकेच्या देझिरे विल्सनने 1980 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला 1 मालिकेतील शर्यत पुरुषांना मागे टाकून जिंकली होती. तात्पर्य, कायदा कधीच आड आला नव्हता. आणि कायदा आड येत नसताना जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत प्रत्यक्ष सुरुवात करणाऱ्या स्त्रिया दोनच निघाव्यात, ही गोष्ट कायद्याच्या अडसराहूनही अधिक विचार करण्याजोगी आहे.

मग आड आले काय? याचे सरळ उत्तर पैसा असे आहे, आणि ते मोटार-शर्यतीशी परिचय नसलेल्यांना सहसा सुचत नाही. हा खेळ असा विचित्र की त्यात उमेदवाराला मेहनताना मिळण्याऐवजी उमेदवारच संघाला पैसे मोजतो. बालवयात कार्टिंगपासून आरंभ करून फॉर्म्युला 4, फॉर्म्युला 3, फॉर्म्युला 2 अशा पायऱ्या चढायच्या, आणि प्रत्येक पायरीवर मागील पायरीहून मोठी रक्कम, पुढेपुढे तर हंगामाला लाखो युरो, वडिलांच्या पदरमोडीतून अथवा एखाद्या मातब्बर पुरस्कर्त्याच्या तिजोरीतून उभी करायची. ज्या पुरस्कर्त्यांनी स्त्रीला यशस्वी होताना क्वचितच पाहिले आहे ते तिच्यावर पैसा लावण्यास कचरतात, आणि पैसा नसल्यामुळे ती यशस्वी होत नाही, हे चक्र निरंतर फिरत राहते. पॉवेलचेच उदाहरण घ्यावे : 2010 मध्ये फॉर्म्युला रेनॉचे अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली स्त्री, 2012 मध्ये जीपी3 मालिकेत गुण मिळवणारी, 2014 मध्ये आशियाई फॉर्म्युला रेनॉची विजेती, आणि एवढे करूनही द्रव्याभावी तिला एकासनी शर्यतींतून बाहेर पडावे लागले होते. संस्थापिका कॅथरिन बाँड म्युअर यांची तजवीज या चक्रावरच घाव घालणारी होती. निवड झालेल्या स्त्रियांकडून प्रवेशशुल्क म्हणून छदामही घ्यायचा नाही, मोटारींचा खर्च मालिकेने करायचा, आणि पंधरा लाख डॉलरची एकूण बक्षिसी विजेतीपासून अठरावीपर्यंत वाटायची.

फुकट म्हटले की धर्मादाय हा अर्थ आपल्याकडे आपोआप चिकटतो, आणि म्हणूनच ‘ज्यांना अन्यत्र जागा मिळाली नाही त्यांची ही सोय’ असा दुसरा समज रूढ झाला. शंभराहून अधिक अर्जांची छाननी करून पन्नासाहून अधिक जणींना जानेवारीच्या कडाक्यात ऑस्ट्रियातील मेल्क येथे बोलावण्यात आले. डेव्हिड कूल्थार्ड, आलेक्झांडर वुर्झ आणि अमेरिकेच्या लिन सेंट जेम्स असे जाणते परीक्षक समोर होते. त्या उमेदवारांतून 28 जणी मार्चमध्ये स्पेनमधील अल्मेरियाला गेल्या आणि अखेरीस 18 जणींची मुख्य यादी निश्चित झाली. आणि या अठरांत अग्रभागी कोण होती? चॅडविक. तिने 2018 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला 3 मधील शर्यत जिंकली होती, जी त्यापूर्वी कोणत्याही स्त्रीने जिंकली नव्हती. आणि आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटावी अशी बाब म्हणजे, हॉकेनहाइमच्या आधी जेमतेम तीन महिने, फेब्रुवारी 2019 मध्ये, चेन्नईनजीक इरुंगट्टुकोट्टई येथील धावमार्गावर तिने एमआरएफ चॅलेंज या मालिकेचे अजिंक्यपद पटकावले होते, आणि ते पुरुष स्पर्धकांना मागे टाकून. पुरुषांशी स्पर्धा झेपत नाही म्हणून ती स्त्रियांच्या मालिकेत शिरली, असे म्हणणाऱ्यांनी चेन्नईचा निकाल एकवार पाहावा.

मोटारही दुय्यम प्रतीची, स्त्रियांच्या बेताने सौम्य केलेली होती, हा समज तर निखालस अज्ञानमूलक आहे. इटलीच्या टाटूस कारखान्यात बनलेली टी-318 ही मोटार महासंघाच्या प्रादेशिक फॉर्म्युला 3 नियमांना अनुसरून घडवलेली होती. अल्फा रोमिओचे 1.8 लिटरचे टर्बो एंजिन, सुमारे 270 अश्वशक्ती, आणि चालकाच्या मस्तकाभोवती हॅलो हे संरक्षक कडे. त्याच वर्षी युरोपातील प्रादेशिक मालिकेत, जिथे बहुतांश मुलगेच होते, हीच मोटार धावत होती. फरक होता तो व्यवस्थेत : निरनिराळे संघ नव्हते, सर्व मोटारींची देखभाल एकाच छत्राखाली होत होती, त्यामुळे श्रीमंत संघाचा वरचष्मा हा प्रकारच संभवत नव्हता. या समानतेचा परिणाम किती सूक्ष्म होता हे आसेनला दिसले. तेथे मुख्य शर्यतीखेरीज गुणांविना एक प्रायोगिक शर्यत घेण्यात आली, आणि तीत गुणतक्त्याचा क्रम उलटा करून मोटारी उभ्या केल्या, म्हणजे तळाची सर्वांत पुढे. कॅनडाची मेगन गिल्क्स, जी तोवरच्या हंगामात तळाशी होती, ती पुढून निघाली, मागून येणाऱ्या पॉवेलला अखेरपर्यंत अडवून धरले, आणि एका सेकंदाच्या तीन सहस्रांशाने जिंकली. गिल्क्सचे कौतुक करतानाच मला असेही नमूद करावेसे वाटते की मोटारी इतक्या सारख्या असल्या म्हणजे पुढच्या जागेला अवाजवी मोल येते. आयोजकांना हा प्रयोग मनोरंजक वाटला असेल, पण गुणवत्तेची कसोटी म्हणून तो कच्चा होता.

शरीरबळाचा आक्षेप थोडा अधिक आदराने तपासला पाहिजे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. वेगाने वळण घेताना मानेवर येणारा ताण, ब्रेक दाबण्यास लागणारा जोर, हे सारे खरे. फॉर्म्युला 1 मध्ये पॉवर स्टिअरिंग असते, पण तिच्या खालच्या फॉर्म्युला 2 व फॉर्म्युला 3 मध्ये ते नसते, आणि त्यामुळे वर चढणाऱ्या स्त्रीला शिखरापेक्षा शिडीच अधिक जड जाते, हेही खरे. पण जड जाणे आणि अशक्य असणे यांत अंतर आहे, आणि ते व्यायामाने कापता येते. ज्यांना उलट वाटते की स्त्रिया वजनाने हलक्या म्हणून त्यांना नाहक लाभ मिळतो, त्यांच्या माहितीसाठी सांगावे लागेल की 2019 मध्ये फॉर्म्युला 1 मध्ये चालक व आसन मिळून किमान 80 किलो वजन भरलेच पाहिजे असा नियम झाला. कमी पडल्यास तेवढे वजन मोटारीत आसनाजवळच ठेवणे भाग असते. दोन्ही आक्षेपांना फिनलंडच्या एम्मा किमिलाइनेनने त्या हंगामात जे उत्तर दिले ते मला कोणत्याही युक्तिवादापेक्षा सरस वाटते. हॉकेनहाइमच्या टकरीत तिची मान दुखावली, झोल्डर व मिझानो या दोन शर्यती बुडाल्या, आणि मग परत येऊन तिने नोरिसरिंगला पाचवा, आसेनला पहिला व ब्रँड्स हॅचला दुसरा क्रमांक घेतला : तीन शर्यतींत 53 गुण. त्याच तीन शर्यतींत अजिंक्य चॅडविकने मिळवले 42. दोन शर्यती गमावूनही किमिलाइनेन एकूण तक्त्यात पाचवी राहिली.

या मालिकेची विजेती थेट फॉर्म्युला 1 मध्ये जाणार, अशी जी अपेक्षा उत्साही वार्ताहरांनी निर्माण केली, तिला नियमांत कोणताही आधार नव्हता. फॉर्म्युला 1 साठी महासंघाचा विशेष परवाना लागतो, आणि त्यासाठी तीन हंगामांत 40 परवाना-गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला 2 च्या विजेत्याला ते एका वर्षात मिळतात. डब्ल्यू सीरिजच्या 2019 च्या हंगामाला असा एकही गुण नव्हता. पुढे महासंघाने विजेतीस 15 गुण मंजूर केले, पण सलग दोन अजिंक्यपदे मिळवली तरी बेरीज 30 वरच थांबते. म्हणजे मालिका ही एक पायरी होती, आणि तिला उद्वाहक समजणाऱ्यांची निराशा अटळ होती.

एक गोष्ट मात्र गैरसमजांच्या यादीत घालण्याचा मोह मी टाळतो, ती म्हणजे स्त्रियांनी वेगळे धावणेच मुळात चूक, हे मत. ब्रिटिश चालक पिपा मॅन हिने घोषणा होताच या कल्पनेला जाहीर विरोध केला होता, आणि तिचा अधिकार मोठा : 2010 मध्ये केंटकी येथे इंडी लाइट्स या मालिकेतील शर्यत तिने पुरुषांविरुद्ध जिंकली होती. हा पैसा निवडक स्त्रियांना मिश्र मालिकांत उतरवण्यासाठी का वापरू नये, हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता. माझे मत आयोजकांकडे झुकते, कारण एका चालकावर खर्चलेला पैसा एकीलाच दिसतो आणि अठराजणींची शर्यत दूरचित्रवाणीवर घरोघरी दिसते. परंतु विरोधकांना प्रतिगामी ठरवणे अन्यायाचे होईल. काळाचा खेळ असा की जून 2024 मध्ये त्याच इंडी लाइट्सच्या, आता इंडी एनएक्सटी म्हणवणाऱ्या, मालिकेत रोड अमेरिका येथे जिंकून पिपा मॅननंतरची विजेती ठरली ती जेमी चॅडविकच.

तोवर डब्ल्यू सीरिज मात्र अस्तंगत झाली होती. 2020 चा हंगाम महामारीने गिळला. 2021 पासून ती फॉर्म्युला 1 च्या सोबतीने धावू लागली. 2022 मध्ये पैसा संपल्याने अखेरच्या शर्यती रद्द कराव्या लागल्या, आणि जून 2023 मध्ये कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. यावरून ‘स्त्रियांची शर्यत पाहण्यास लोकच नव्हते’ असा निष्कर्ष काढणारे विसरतात की शुल्क न घेता मोटारी, यंत्रज्ञ, प्रवास आणि बक्षिसे यांचा भार उचलणारी कोणतीही मालिका, मग ती पुरुषांची का असेना, पुरस्कर्त्याचा हात आखडताच कोसळेल. आणि इतर मालिका उभ्या राहतात त्या मुख्यतः चालकांच्या कुटुंबांकडून होणाऱ्या वसुलीवर.

तिच्यानंतर आलेल्या एफ1 अकॅडमी या स्त्रियांच्याच मालिकेने हा धडा घेतला, आणि 2023 च्या पहिल्या हंगामात प्रत्येक मोटारीमागे फॉर्म्युला 1 ने दीड लाख युरो घातले व तेवढीच रक्कम चालकाने आणावी असा नियम केला. त्या हंगामाची अजिंक्य ठरली स्पेनची मार्ता गार्सिया, 2019 मध्ये नोरिसरिंगची शर्यत जिंकलेली. बक्षीस म्हणून तिला 2024 च्या युरोपीय प्रादेशिक मालिकेत खर्चासह जागा मिळाली. त्या युरोपीय मालिकेतील मोटार पुन्हा टाटूस टी-318 च होती, फक्त एंजिन अल्फा रोमिओऐवजी रेनॉचे.