लॅपटॉप घेताय? स्टिकर नको, नंबर वाचा!

कॅपचे राऊंड आटोपून फर्स्ट इयरची मंडळी ट्रंका-गाद्या घेऊन हॉस्टेलवर दाखल झाली, की महिन्याभरात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "दादा, कुठला लॅपटॉप घेऊ?" मी मेकॅनिकलच्या फायनल इयरला. विंगमधले चार-पाच लॅपटॉप खोलून पुन्हा जोडलेत (आणि ते सुरूही झाले, हे महत्त्वाचं!), त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. किमती मात्र देत नाही. अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत त्या बदललेल्या असतील.

माझा हिशोब साधा आहे. लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. जे बदलता येत नाही त्यावर आधी पैसा घालायचा. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, स्क्रीन हे घेतलं ते घेतलं, पुढची चार वर्षं त्यांच्याबरोबरच संसार. एसएसडी बहुतेक वेळा नंतर मोठी टाकता येते. रॅमचं मात्र बघावं लागतं, त्याबद्दल पुढे.

आता प्रोसेसर. दुकानदार सांगतो, "आय-५ आहे, डोळे मिटून घ्या." इथेच घोडं पेंड खातं! आय-५ हे नुसतं आडनाव आहे, माणूस कोण ते पुढच्या नंबरावरून कळतं. इंटेलचे आय५-१३३५यू आणि आय५-१३५००एच घ्या. दोन्ही तेराव्या पिढीचे, स्टिकर जवळपास सारखा. पण 'यू'वाला १५ वॉटच्या हिशोबाने बनवलेला, त्यात दमदार कोअर फक्त २. 'एच'वाला ४५ वॉटचा, त्यात ४. कोडिंग, रिपोर्ट, पीपीटी यांना 'यू' उत्तम : मशीन थंड राहतं, बॅटरी पुरते. पण तासभर सिम्युलेशन चालवायचं तर 'एच'च हवा. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने 'आय' काढून 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावं आणली, तेव्हापासून गोंधळ आणखी वाढलाय. नुसता 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' हे एकच नव्हेत.

एएमडीवाल्यांची गंमत तर औरच. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५२०यू मधला २ म्हणजे आतली रचना 'झेन २', मूळ २०१९ ची. ७५४०यू मधला ४ म्हणजे 'झेन ४'. दोघांच्याही स्टिकरवर 'रायझन ५'च. पहिल्यात ४ कोअर, दुसऱ्यात ६. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! म्हणून दुकानात पूर्ण मॉडेल नंबर मोबाईलवर टाईप करून बघायला लाजू नका.

रॅम १६ जीबी धरून चला. ८ जीबीत विंडोज ११, ब्राऊझरचे वीस टॅब आणि अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर एकदम चालवून बघा म्हणजे कळेल. बजेट कमी असेल तर ८ जीबीचा घ्या, पण स्लॉट रिकामा आहे ना हे आधी विचारा. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपना रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे "नंतर वाढवू" ही फक्त आशा. आणि ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

यानंतर सगळ्यात जास्त पैसे जातात ते ग्राफिक्स कार्डावर, आणि विनाकारणही तिथेच जातात. गेल्या दिवाळीनंतर सिव्हिलच्या एका ज्युनिअरच्या वडिलांचा फोन आला होता. सोयाबीनचे पैसे आले होते आणि मुलाला गेमिंग लॅपटॉप हवा होता. "अभ्यासाला लागतोच म्हणतो. खरं का?" आता काय सांगणार? मुलगा शेजारीच उभा! मी म्हटलं, काका, ऑटोकॅड, स्टाड, ईटॅब्स याला तो लागत नाही, चांगला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरते. रेव्हिटमध्ये मोठी मॉडेल करायची झाली तर कार्डाचा उपयोग होतो, पण तोही नंतर. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. शेवटी साधाच घेतला आणि उरलेल्या पैशांत दुसऱ्या सेमिस्टरची मेस भागली.

आमच्या मेकॅनिकलला मोठ्या असेंब्ली आणि रेंडरिंगसाठी कार्ड कामाला येतं. कॉम्प्युटर-आयटीला फक्त मशीन लर्निंगमध्ये रस असेल तरच घ्या, आणि तेही एनव्हिडियाचं, कारण 'कुडा' दुसऱ्या कुणाच्या कार्डावर चालत नाही. सुरुवातीचे प्रयोग गुगल कोलॅबवर फुकटात होतात. कार्ड घेतलंच तर त्याचे वॉट विचारा. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव लॅपटॉपनुसार ३५ पासून ११५ वॉटपर्यंत चालतं. पुन्हा तेच, आडनाव एक आणि माणसं वेगळी. इ अँड टीसीवाल्यांनी कार्डापेक्षा एसएसडी मोठी घ्यावी. एकटं विवाडो इन्स्टॉल करायलाच बरेच जीबी खर्ची पडतात.

मॅकबुकचं वेड आपल्याकडेही आहे. २०२० साली आलेल्या एम१ पासूनच्या मशीन्स खरोखर सुंदर, बॅटरी तर विचारूच नका. कोडिंगवाल्यांनी खुशाल घ्याव्यात. पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट, ईटॅब्स, विवाडो यांतलं काहीही त्यावर थेट चालत नाही, आणि पूर्वीसारखं बूट कॅम्प लावून विंडोज टाकायची सोयही राहिली नाही. २०२४ पासून आलेल्या स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपचंही थोडंफार तसंच : बॅटरी झकास, पण लॅबमधल्या जुन्या बोर्डाचा ड्रायव्हर मिळेल याची खात्री नाही.

माहितीपत्रकात न लिहिलेल्या गोष्टी हॉस्टेलवर कळतात. खोलीत प्लग दोन आणि माणसं तीन. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर विटेएवढा, रात्री दोनला पंखे सुरू झाले की रूममेट उशी फेकतो. ६५ वॉटच्या टाईप-सी चार्जरवर चालणारं मशीन असेल तर मोबाईलही त्याच चार्जरवर होतो आणि आपला विसरला तर शेजारच्या खोलीतून मिळतो. बॅटरीचे "तास" वाचू नका, वॉट-अवर बघा : ५० वॉट-अवरची बॅटरी १० वॉट खाणाऱ्या कामात ५ तास, तीच २५ वॉट खाल्ले तर २ तास. आणि कृपा करून गादीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. सर-मॅडमनाही एक विनंती : एचडीएमआय पोर्ट आहे ना ते बघून घ्या. कन्व्हर्टर शोधण्यात लेक्चरची पहिली दहा मिनिटं जातात. (आमची तक्रार नाही म्हणा!)

बजेट फारच आखडतं असेल तर कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करता येईल. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याहून जुन्या मशीन्सना विंडोज ११ अधिकृतपणे जवळपास मिळतच नाही. नुसतं लिनक्स वापरणार असाल तर सहावी-सातवी पिढीही चालेल. पैसे देण्याआधी विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून घ्या : मूळ क्षमता ५० आणि आताची २५ असेल तर नव्या बॅटरीची किंमत त्यातून वजा करून घासाघीस करा. बायोसला पासवर्ड लावलेला असेल तर हातही लावू नका.

नवीन घेतलात तर खोका दुकानातच उघडा. पांढरी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल बघा, सगळी बटणं दाबा, सगळ्या पोर्टांत पेन ड्राइव्ह घालून पाहा. खोक्यावरचा, लॅपटॉपखालचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर जुळतो का तपासा. वॉरंटीची तारीख कंपनीच्या साईटवर तोच नंबर टाकला की दिसते. दुकानात महिनाभर पडून असलेल्या मशीनची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली असते, ती बिल दाखवून दुरुस्त करून मिळते. तेव्हा बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून घरी पाठवून ठेवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते.