पंचवटीतली वसई

नाशिकला आलेला माणूस रामकुंडावर जातोच. तिथून हाकेच्या अंतरावर, गोदाकाठी, नारोशंकराचे मंदिर आहे. जुन्या पोर्तुगीज चर्चमधली कला पाहायला गोवाच गाठावा लागतो असे नाही. तिचा एक अस्सल नमुना या मंदिराच्या दर्शनी तटावर टांगलेला आहे.

पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये हे रामेश्वराचे मंदिर बांधले. मालेगावचा भुईकोट त्यांचाच. भोवती तट, कोपऱ्यांवर छत्र्या, शिखरावर दाट कोरीवकाम; चोचीत मण्यांची माळ धरलेले मोर तर थांबून पाहावेत असे. तरी नाशिककरांच्या तोंडी नाव असते ते तटावर टांगलेल्या त्या घंटेचेच. खणखणीत आवाजाच्या माणसाला इथे आजही 'नारोशंकराची घंटा' म्हणतात.

घंटेवर साल आहे १७२१, म्हणजे मंदिराहून ती सव्वीस वर्षांनी मोठी. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी विजयचिन्हे म्हणून आणल्या. ही त्यांतलीच मानली जाते. तशीच भीमाशंकरची घंटा १७२९ची आहे, तिच्यावर क्रूस आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर १७०७ची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया उठावात दिसते. त्या मूर्तीसह ती शंकराच्या देवळापुढे टांगली गेली आणि कुणी ती मूर्ती घासून काढली नाही. मला या घंटांमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

घंटांचे मूळ घर पाहायचे तर वसईच्या किल्ल्यात जावे. पोर्तुगीजांकडे हा मुलूख १५३४ पासून होता. सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा अजून ताठ उभा आहे, फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत मात्र सगळ्यांत देखणी: पन्हळी खांब, वर पानाफुलांचे कॉरिंथियन माथे, मध्ये कमान. छपरे गेली, वेदीवरचे लाकूडकाम गेले. त्या वैभवातले ओतीव काम नाशिक, भीमाशंकर आणि मेणवलीला टिकले.

नारोशंकराच्या आवारात ही हकिकत ठळक अक्षरांत लिहिलेली हवी. पुराचे पाणी या मंदिराला वेढा घालते, म्हणून घंटेची आणि तिच्यावरच्या अक्षरांची नीट छायाचित्रेही वेळीच काढून ठेवायला हवीत.