विश्लेषण : बास्केटबॉलमधला सात फुटी ‘सेंटर’ रिंगखालून बाहेर का आला?

जून २०१५ मध्ये नऊ दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १६ जूनला गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने एनबीएचे विजेतेपद पटकावले. अंतिम फेरीत १-२ असे पिछाडीवर असताना त्यांनी सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळले, साडेसहा फुटी ड्रेमंड ग्रीनला त्या जागी खेळवले आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. २५ जूनला डॅलस मॅव्हरिक्सने पंजाबच्या बल्लो के गावातील सतनाम सिंग भामरा याला ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ही पहिलीच निवड.

सतनामची उंची सात फूट दोन इंच. मात्र तो ज्या कामासाठी घडला होता, त्या कामाचीच मागणी तेव्हा आटत चालली होती. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

सेंटरचे काम काय असायचे?

रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. साहजिकच संघातला सर्वांत उंच खेळाडू तिच्याजवळ उभा राहायचा. पाठ बास्केटकडे करून चेंडू घ्यायचा, प्रतिस्पर्ध्याला रेटत आत न्यायचे आणि हात वर करून गुण मिळवायचे. बचावात ब्लॉक आणि रिबाउंड. हे इतके परिणामकारक होते की नियम बदलावे लागले. जॉर्ज मायकनमुळे १९५१ मध्ये रिंगसमोरचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद झाला, तर विल्ट चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, सोळा फूट. तरी सेंटरचा दबदबा टिकला. शकील ओनील २००० मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर तो मान दुसऱ्या सेंटरला मिळायला थेट २०२१ उजाडले.

गणित कुठे फिरले?

एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा आली १९७९ मध्ये. अनेक प्रशिक्षकांनी ती बरीच वर्षे गंमत म्हणूनच पाहिली. पण आकडेमोड शाळकरी आहे. दोन गुणांचे १०० फटके मारले आणि ४५ बसले, तर ९० गुण. तीन गुणांचे १०० मारले आणि ३६ च बसले, तरी १०८. जास्त चुकूनही जास्त गुण! संगणकावर आकडे मांडणारी मंडळी संघांच्या कचेऱ्यांत आली आणि हे दुर्लक्षिणे अशक्य झाले. २०१४-१५ च्या हंगामात एक संघ सामन्याला असे सुमारे २२ प्रयत्न करायचा. दहा वर्षांत ते ३७ च्या पुढे गेले.

दुसरे कारण कमी बोलले जाते. २००१-०२ च्या हंगामापासून एनबीएने झोन बचावाला परवानगी दिली. त्याआधी रिंगजवळच्या सेंटरला बहुतेक वेळा एकाच बचावपटूशी झुंजायचे असे. आता दुसरा आधीच वाटेत येऊन थांबू लागला. शिवाय सेंटर आत उभा राहिला की त्याला धरणारा खेळाडूही तिथेच राहतो, म्हणजे आपल्याच गार्डची वाट अडते. सेंटर बाहेरून नेम साधू शकला तर तो बचावपटू बाहेर खेचला जातो आणि आत जागा मोकळी होते.

ब्रूक लोपेझचे उदाहरण बोलके आहे. पहिल्या आठ हंगामांत मिळून या सात फुटी सेंटरने तीन गुणांचे फक्त ३ फटके बसवले होते. नवव्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्याने बसवले १३४. आणि त्याची कारकीर्द लांबली.

मग उंची निरुपयोगी झाली?

नाही. ह्यूस्टन रॉकेट्सने २०२० मध्ये पारंपरिक सेंटर जवळपास मोडीतच काढला. पण दुसऱ्या फेरीत अँथनी डेव्हिससारखा उंच खेळाडू असलेल्या लेकर्सने त्यांना ४-१ ने हरवले. २०२१ चा तो मान मिळवणारा सर्बियाचा निकोला योकिच सेंटरच आहे, फक्त तो पॉइंट गार्डसारखे पास देतो. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१व्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा टीव्हीवर जाहिरात सुरू होती! २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडलेला व्हिक्टर वेम्बन्यामा सव्वासात फुटांहून उंच आहे आणि तो चेंडू टप्पे देत नेतो, बाहेरूनही मारतो.

पुण्यातल्या उंच मुलाने काय शिकावे?

पुण्याला हा खेळ नवा नाही. यूबीए लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ हा संघ होता. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याचीच. पण ती सेंटर नव्हे. आपल्याकडे फिबाचे नियम चालतात आणि त्यांत एनबीएसारखा बचावातील तीन सेकंदांचा नियम नाही. म्हणजे उंच मुलगा बचावात रिंगखाली ठाण मांडून बसू शकतो. शालेय सामने त्यावर जिंकताही येतात. अडचण इथेच आहे : तेराव्या वर्षी जिंकून देणारी ही सवय विसाव्या वर्षी नडते, कारण तोवर त्याने ना ड्रिबलिंग घोटलेले असते, ना दुरून नेम.

ऑलिंपिकमध्ये दाखल झालेल्या ३ बाय ३ प्रकारात तर ही उणीव लगेच उघडी पडते. तिथे कमानीच्या आतून एक गुण, बाहेरून दोन. शॉटसाठी वेळ बाराच सेकंद. आणि बचावात रिबाउंड पकडला तरी लगेच बास्केट मारता येत नाही. चेंडू आधी कमानीबाहेर न्यावा लागतो. तो ड्रिबल करत न्यायचा की अचूक पास द्यायचा, हे त्या उंच मुलालाच ठरवावे लागते.