जिभेवरचा पांढरा थर

शेलारमध्ये आम्ही गेलो होतो ते यंत्रमाग कामगारांच्या दम्याविषयी विचारपूस करायला. दिवसरात्र माग चालतात, सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, आणि तरुण पोरांच्या खिशातही आता पंप दिसतो. त्यांतल्याच बावीस वर्षांच्या एका मुलाने आम्हाला बाजूला घेतले. त्याला बोलायचे होते ते तोंडाविषयी.

काही आठवड्यांपूर्वी त्याच्या जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग उठले. जेवणाची चव गेली, तिखट लागले की आग होई. अम्मी म्हणाली, "उष्णता आहे." सब्जा झाला, गुलकंद झाला, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. त्याने मोबाईलवर शोधले तर पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो एचआयव्ही हा शब्द. घरात त्याच्या लग्नाची बोलणी चाललेली. तो गप्प बसला. पुढे कोणीतरी सांगितले, "पंपामुळे होते हे." त्याने पंप बंद केला. चौथ्या रात्री दम इतका लागला की रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले.

सांगणारा अर्धाच खरा होता. कॅन्डिडा नावाची बुरशी बहुतेकांच्या तोंडात थोडीफार असतेच. पंपातल्या स्टेरॉइडचा काही भाग फुप्फुसात न जाता तोंडात आणि घशात बसतो, तिथली राखण ढिली पडते आणि बुरशी माजते. उपाय पंप सोडण्याचा नाही, तोंड धुण्याचा आहे. औषध ओढले की लगेच पाण्याने चूळ भरावी, गुळण्या कराव्यात आणि पाणी थुंकून टाकावे. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर नावाची नळी लावली तर तोंडात औषध कमी बसते.

आपल्या घरात तर ही सोय आधीच आहे. सकाळचा पंप फजरच्या वुजूआधी आणि रात्रीचा इशाच्या वुजूआधी घेतला, तर तीन चुळा आपोआप होतात; वर एक गुळणी मात्र घशापर्यंत जाऊ द्यावी. रमजानमध्ये सहरीला आणि इफ्तारनंतर अशी वेळ डॉक्टरांना विचारून बसवता येते. दम्याचा झटका आला तर मात्र रोजा आहे म्हणून थांबू नये. आजारी माणसाला सवलत आहे, कजा नंतर करता येतो.

झालेल्या बुरशीवर डॉक्टर बहुधा क्लोट्रिमॅझोलचे थेंब तोंडात लावायला देतात. दोन दिवसांत डाग गेले म्हणून बाटली ठेवून देऊ नये, सांगितलेले दिवस पुरे करावेत. फ्लुकोनॅझोलची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये, ती इतर काही औषधांशी जुळत नाही. गिळताना दुखू लागले तर उशीर न करता डॉक्टर गाठावेत.

पंप न घेणाऱ्या तरुणालाही हे होते. बरेच दिवस घेतलेली अँटिबायोटिक्स, न ओळखलेला मधुमेह, तंबाखू, आणि हो, एचआयव्हीसुद्धा. म्हणून डॉक्टरांनी साखरेची आणि एचआयव्हीची तपासणी सांगितली तर तो चारित्र्यावरचा आरोप समजू नये. सरकारी तपासणी केंद्रात ही चाचणी मोफत होते. 2017 च्या कायद्याप्रमाणे ती संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. 1097 या क्रमांकावर फोन करून आधी विचारताही येते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः गुटखा-मावा खाणाऱ्यांसाठी. बुरशीचा थर बहुधा पुसला की निघतो, खाली लाल दिसते. पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा ही वेगळी बाब आहे. तो कर्करोगाची पूर्वखूण असू शकतो, तेव्हा दाताच्या डॉक्टरांना लगेच दाखवावा.

आमच्या त्या मुलाच्या दोन्ही तपासण्या ठीक निघाल्या. अम्मीला त्याने सगळे सांगितले तेव्हा ती आधी रडली, मग रागावली: "इतके दिवस एकटाच कुढत बसलास?" आता त्याचा पंप कपाटात नसतो. मोरीच्या फळीवर, वुजूच्या लोट्याशेजारी असतो.