स्क्रीनशॉट काढला, म्हणजे पुरावा मिळाला?

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा म्हणून एक फोटो कित्येक वर्षे फिरतो आहे. हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने 1850 मध्ये टिपलेला, राणीसाहेबांचा एकमेव खरा फोटो, अशी ओळ त्याखाली असते. झाशीतल्या मराठी माणसाला तो जपून ठेवावासा वाटला तर नवल नाही. पण कलकत्त्याच्या ज्या जॉन्स्टन अँड हॉफमन स्टुडिओचे नाव त्याला जोडले जाते, तो निघाला 1880च्या दशकात. राणीसाहेब तर जून 1858 मध्येच ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. एवढी साधी तफावत असूनही दावा टिकून आहे, कारण तो स्क्रीनशॉटच्या रूपात फिरतो. फोटो मुळात कुठे छापून आला, कोणी आणि कधी टाकला, हे सगळे कापले जाते. उरतो फक्त चेहरा आणि त्याखालची ओळ.

स्क्रीनशॉटविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'स्क्रीनशॉट आहे ना माझ्याकडे' हे वाक्य आपण दस्तऐवज हातात असल्यासारखे बोलतो. प्रत्यक्षात त्या क्षणी पडद्यावर जे ठिपके उजळलेले होते, त्यांची ती नोंद असते. 1920 बाय 1080च्या पडद्यावर असे सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके असतात. कोणत्या ठिपक्याचा रंग कोणता, एवढेच त्या फाईलला ठाऊक असते. मजकूर खरा की खोटा, तो कोणी लिहिला, हे तिला कळत नाही.

आणि पडद्यावरचा मजकूर बदलणे फार सोपे आहे. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कोणतेही पान उघडून एफ 12 दाबले की त्या पानाची आतली मांडणी दिसते. तिथे बँकेच्या शिलकेतला आकडा किंवा बातमीचा मथळा खोडून दुसरा लिहिता येतो. मूळ संकेतस्थळाला धक्का लागत नाही, बदल फक्त आपल्या पडद्यावर होतो. पान पुन्हा लोड केले की तो नाहीसा होतो, पण मधल्या वेळात काढलेला स्क्रीनशॉट राहतो. त्यात फोटोशॉपची खूण शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण चित्राला कोणी हातच लावलेला नसतो. म्हणून पैसे पाठवल्याचा नुसता स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नये. खात्यात रक्कम जमा झाली का, ते आपल्या बाजूने पाहावे.

मग कोर्टात स्क्रीनशॉट चालतच नाही का? हा उलट्या टोकाचा गैरसमज. चालतो, पण नुसता नाही. यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा, आणि भिस्त होती निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. त्यामुळे फसवणूक झाली तर स्क्रीनशॉट जरूर काढा, पत्त्याची पट्टी आणि तारीख दिसेल असा काढा. पण मूळ ईमेल, मूळ एसएमएस पुसू नका, आणि सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

'प्रिंट स्क्रीनचे बटण बिघडले आहे' ही तक्रारही नेहमीची. बटण बहुतेक वेळा ठणठणीत असते. पूर्वीच्या डॉसच्या काळात ते दाबले की पडदा खरोखर प्रिंटरवर छापला जाई. विंडोजमध्ये चित्र क्लिपबोर्डवर जाते आणि दुसरे काही कॉपी केले की त्याची जागा ते घेते, म्हणून आधी पेंट किंवा वर्डमध्ये पेस्ट करावे लागते. सरळ फाईल हवी असेल तर विंडोजच्या बटणासोबत प्रिंट स्क्रीन दाबा. पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये ती सापडेल. विंडोज 11च्या नव्या आवृत्त्यांत नुसते बटण दाबले तरी पडद्याचा हवा तेवढा भाग निवडायची सोय उघडते.

क्रॉप केलेला भाग कायमचा गेला, असे समजू नका. मार्च 2023 मध्ये विंडोज 11च्या स्निपिंग टूलमधला एक दोष उघड झाला. कापलेले चित्र जुन्याच फाईलवर सेव्ह केले, की छोट्या चित्राच्या मागे मोठ्या चित्राचा उरलेला डेटा तसाच राहत असे, आणि जाणकाराला त्यातून कापलेला भाग बऱ्याच अंशी परत मिळवता येई. गूगल पिक्सेल फोनमध्येही असाच दोष निघाला. दोन्हीकडे दुरुस्ती झाली, पण त्याआधी पाठवलेल्या फाईली जिथे आहेत तिथे तशाच आहेत. आधार क्रमांक झाकताना मार्करचा अर्धपारदर्शक पट्टा मारू नका, त्याखालचे आकडे उजेड वाढवला की वाचता येतात. पूर्ण काळा चौकोन टाका. तो वर्डच्या फाईलमध्ये ठेवून तीच फाईल पाठवलीत, तर पलीकडचा माणूस चौकोन उचलून बाजूला करू शकतो. म्हणून चित्र म्हणून सेव्ह करा आणि मग पाठवा.

झाशीसारख्या मोठ्या जंक्शनवर उपयोगी पडेल असे एक. आरक्षित ई-तिकिटाचा पडद्यावरचा स्क्रीनशॉट रेल्वेला चालतो, सोबत मूळ ओळखपत्र मात्र हवे. रेल्वेच्या मोबाइल ॲपवर काढलेल्या, कागदावर न छापलेल्या अनारक्षित तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही. ते ॲपमध्येच उघडून दाखवावे लागते, नाहीतर तिकीट खिशात असूनही विनातिकीट ठरण्याची वेळ येते.