कोठीची खोली गेली, बेगमी राहिली

घरात कोठीची खोली असणे ही पूर्वी श्रीमंतीची खूण नव्हती, ती गरज होती. मुळशीकडच्या जुन्या घरांत शेणाने सारवलेली बांबूची कणगी भाताने भरलेली असे. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आढ्याला टांगलेला लसूण आणि माळ्यावर पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले कोरडे सरपण. एकदा मृग लागला आणि ओढे भरून वाहू लागले की बाजाराचे तोंड दिसणे कठीण. बेगमी केली नाही तर चूल पेटायची नाही, इतका तो सरळ हिशेब होता.

हिंजवडी त्याच मुळशी तालुक्यातली, आंबेमोहराच्या मुलखातली. आज तिच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे, भातखाचरांच्या जागी वीस-वीस मजली इमारती आहेत आणि त्या इमारतींतल्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये कोठी तर सोडाच, धड एक पोते उभे करायला कोपरा नाही. मग कुणी विचारील, आता बेगमी हवीच कशाला? फोनवर बोट टेकवले की दहा मिनिटांत दारात कोथिंबीर!

विचारणाऱ्याने जुलै महिन्यातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी वाकडच्या पुलावरून हिंजवडीत येऊन दाखवावे. तीन-चार किलोमीटरला तास लागतो. ज्या पावसात आपण अडकलो, त्याच पावसात तो कोथिंबीरवाला मुलगाही अडकलेला असतो. नवरा-बायको दोघेही रात्री नऊला दमून घरात येतात, मूल पाळणाघरातून पेंगतच आलेले असते आणि डब्यात तांदूळ नसतो. तिकडे एप्रिल-मे आला की सोसायटीच्या दारात टँकरची रांग. ओढा गेला, वाहतुकीची कोंडी आली. पूर गेला, टँकर आला. मृग काही आपल्याला सोडत नाही.

तरीही या पट्ट्यातल्या घरांचा खरा घोटाळा सामानाच्या टंचाईचा नाही, असे मला वाटते. सामान भरपूर असते. मोहरीची तीन पाकिटे फोडलेली असतात आणि जिरे संपलेले असते. घोटाळा असतो तो माहितीचा. कुठली वस्तू कुठे आहे, किती आहे, कधी आणली, कधी संपेल, हे सगळे घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि ते माणूस म्हणजे बहुधा बाई. ती आजारी पडली, बाळंतपणाला गेली किंवा चार दिवस माहेरी गेली की घर आंधळे होते. मग दवाखान्याच्या खाटेवरून तिला फोन येतो, ‘अगं, हळद कुठल्या डब्यात आहे?’ केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे आढळले. ही झाली हाताने केलेल्या कामाची मोजणी. डोक्यात वागवलेल्या याद्यांची मोजणी इतकी सोपी नाही.

म्हणून घर नीटनेटके ठेवण्याच्या युक्त्यांत पहिला मान मी डब्यांना देत नाही, वहीला देते. साधी दोनशे पानी वही. आपल्याकडे याला मोठी परंपरा आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र’ लिहून हजार पाकक्रिया कागदावर आणल्या. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त अंदाजपंचे कारभाराला वाटी-चमच्याची मापे दिली, आणि परगावी राहणाऱ्या नवख्या सुनांना सासूचा हात हाताशी नसतानाही स्वयंपाक जमू लागला. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली. ती पद्धत तिथे अजून टिकून आहे. या सगळ्यांनी केले ते एकच. एकीच्या डोक्यातले ज्ञान कुणालाही वाचता येईल असे केले.

आपल्या वहीत काय लिहावे? पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू असलेली औषधे, आरोग्यविम्याचा क्रमांक, डॉक्टरांचा फोन. दुसऱ्या पानावर पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे ते, प्लंबर आणि वायरमनचे नंबर. पुढे प्रत्येक जिन्नसासाठी एक ओळ. गव्हाचे पोते फोडले की तारीख लिहायची, संपले की पुन्हा तारीख लिहायची. वर्षभरात आपल्या घराला महिन्याला गहू किती, तेल किती, साखर किती लागते ते आपोआप कळते. शेजारणीच्या अंदाजावर किराणा भरण्यात अर्थ नाही; तिच्याकडे भाकरी खातात, तुमच्याकडे पोळी. वही स्वयंपाकघरातच, दोरीला पेन बांधून टांगलेली असावी. हेच फोनमध्ये लिहून ठेवण्यात वाईट काही नाही, पण तो फोन उघडायचा आकडा एकालाच माहीत असेल तर आपण फिरून तिथेच आलो.

आता थोडे पुरुषमंडळींविषयी. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला ‘फाइव्ह एस’ शिकवावे लागत नाही. तिथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, पाना जागेवर नसेल तर रिकामी आकृती लांबूनही दिसते. हाच गृहस्थ घरी आला की कात्री शेवटची कुठे ठेवली ते त्याला आठवत नाही! कारखान्यातली आणखी एक पद्धत त्याने घरी आणावी अशी माझी विनंती आहे. दोन डब्यांची पद्धत. चहा, साखर, तेल, डाळ यांचे प्रत्येकी दोन डबे. पुढचा संपला की मागचा पुढे घ्यायचा आणि त्याच क्षणी वहीत नोंद करायची. मागचा डबा संपेपर्यंत किराणा येतोच. टोयोटाच्या ताइची ओनो यांना कारखान्यातला माल असा गरजेपुरता भरत राहण्याची कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचली होती. किराण्याची युक्ती कारखान्यात गेली. ती परत स्वयंपाकघरात आणायला हरकत नसावी. तेवढ्यासाठी एकसारख्या पारदर्शक बरण्यांवर हजारो रुपये घालवू नयेत. जुना स्टीलचा डबा आणि त्यावर चिकटवलेला कागदाचा कपटा पुरतो.

वर्षाची सुरुवात मी चैत्रापासून धरते. हनुमान जयंतीच्या सुमारास हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते, पाहुणेरावळे येतात आणि गावातली जुनी घरे आपसूक झाडून-पुसून निघतात. बाजारात नवा गहू याच दिवसांत येतो. फ्लॅटमधल्या माणसाने वर्षाचा गहू भरूच नये असे माझे मत आहे. तीन महिन्यांचा पुरे. तांदूळ मात्र जास्त घेतला तरी चालतो, कारण तो जुना होईल तसा मोकळा शिजतो. भरण्याआधी गव्हाला दोन-तीन कडक उन्हे द्यावीत आणि धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावे. तापलेले धान्य लगेच भरले की आत वाफ धरते आणि बुरशीला आपणच आवतण देतो. गव्हाला, तूरडाळीला तळहाताला लागेल इतके एरंडेल चोळावे. तांदळात कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालावा. रवा, बेसन, मैदा ही मंडळी थोडीच आणावीत आणि आणल्यावर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात काढावीत. आतली किड्यांची अंडी मरतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून काही दुकानांत एक गोळी मिळते, ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. ती कुणीही, कितीही खात्रीने दिली तरी घरात आणू नये. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्यावर नेमका उतारा डॉक्टरांकडेही नाही. गोदामात, जाणकार माणसांच्या देखरेखीखाली वापरायची ती वस्तू आहे. बंद खिडक्यांच्या, वातानुकूलित खोलीत मुले झोपलेली असतात आणि पलंगाखाली गव्हाची कोठी असते, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. गव्हाला टोके झाले तर गहू चाळता येतो, उन्हात घालता येतो, अगदीच वाईट वेळ आली तर टाकताही येतो. बोरिक पावडरही धान्यात नको.

या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत लातूरहून, बुलढाण्याहून, जळगावहून आईने किंवा सासूबाईंनी पाठवलेले पोते येते. ज्वारी असते, डाळ असते, शेंगदाणे असतात. त्यात माया असते, म्हणून नको म्हणवत नाही, आणि ठेवायला जागा नसते. मग श्रावणात त्या मायेला जाळ्या लागतात. त्यापेक्षा मजल्यावरच्या तीन घरांनी पोते वाटून घ्यावे आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरचे पोते फोडावे. आईलाही सांगावे, ‘आई, एकदम नको, दिवाळीला अर्धे दे.’ ती रागावत नाही. पोरीचा संसार नीट चालला आहे हेच तिला कळते.

उन्हाळ्यातली बाकीची कामे थोडक्यात. मसाला मात्र वर्षाचा एकदम करावा. मिरच्या आणि खडा मसाला उन्हात कडक वाळवून डंकावर कांडून आणावा, बरणीत हिंगाचे खडे घालून दाबून भरावा आणि रोजच्या वापराचा लहान डबा वेगळा ठेवावा. कांदा उन्हाळी घ्यावा, तोच टिकतो; तो हवेशीर टोपलीत, बटाट्यापासून लांब ठेवावा. कुरडयांसाठी गच्चीची किल्ली मागताना सेक्रेटरींचे तोंड बघावे लागत असेल तर सरळ बचत गटाच्या बायकांकडून घ्याव्यात. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत अशा कितीतरी जणी भेटतात; एकीचा नंबर वहीत असू द्यावा. घरच्या हाताची चव राहते आणि चार पैसे योग्य पदरात पडतात.

पाण्याचे मात्र थोडक्यात भागत नाही. टँकरच्या दिवसांत घरोघरी पिंपे, बादल्या, टबे भरलेली दिसतात. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळावा असे आरोग्यखाते सांगते. भांडी रिकामी करून, घासून, पालथी घालायची. टंचाईत पाणी ओतून द्यायला जीव धजत नाही, हे कबूल. त्यासाठी रविवार ठरवून घ्यावा आणि शनिवारी साठ्यातल्याच पाण्याने फरशी, गॅलरी, गाडी उरकून घ्यावी. कुंडीखालची ताटली आणि फ्रीजच्या मागचा ट्रे विसरू नये. डास तिथे हमखास सापडतो.

मे संपता संपता गॅसकडे एकदा बघून घ्यावे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष लिहिलेले असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर; तेव्हा त्याची तपासणी व्हायला हवी. ती तारीख उलटून गेलेली असेल तर सिलिंडर घेऊ नये. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट चार बोटे पुढे ओढावे, आतल्या साड्यांना बुरशी धरत नाही. रेशमी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, मलमलीत गुंडाळावी आणि सहा महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालावी, नाहीतर जर घडीवर तुटते. लहान बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नयेत.

सफाईचा मोठा हंगाम म्हणजे पितृपक्ष. घटस्थापनेच्या आधी घर निघाले पाहिजे ही जुनी रीत सोयीची आहे. पाऊस ओसरत असतो आणि त्या पंधरवड्यात कार्यप्रसंग नसल्याने शनिवार-रविवार रिकामे मिळतात. सगळे घर एका दिवशी काढू नये. एक रविवार स्वयंपाकघराचा, एक माळ्याचा. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहावे. गेल्या पितृपक्षापासून जे खोके उघडलेच नाही, ते उघडावे, पण माणसांसमोर, एकटीने नव्हे. काय ठेवायचे याचा निर्णय सगळ्यांनी केला की नंतर ‘माझी बॅट कुणी टाकली’ हा खटला उभा राहत नाही.

नोव्हेंबरात घरातल्या पेन्शनर आजी-आजोबांचा हयातीचा दाखला असतो. त्याच वेळी कागदांची फाइल उघडावी. बँकेची खाती, भविष्यनिर्वाह निधी, विमा, घर यांवर वारस म्हणून कुणाचे नाव आहे ते पाहावे. लग्नापूर्वी नोकरी लागलेल्या कितीतरी तरुणांच्या कागदांवर अजून वडिलांचेच नाव असते. संगणकावर दिवसभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्यांना आपली पॉलिसी कुठे ठेवली आहे ते बायकोला सांगायचे राहून गेलेले असते. दोघांनी एका रविवारी बसावे, तासाभराचे काम आहे.

आणि कॅलेंडर. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केले, तेव्हापासून मराठी घराची निम्मी दफ्तरे त्या एका खिळ्याला टांगलेली आहेत. दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, मुलांच्या लसी, सगळे त्या चौकटींत. डिसेंबरअखेर नवीन कॅलेंडर आले की जुने लगेच रद्दीत टाकू नये. जानेवारी ते डिसेंबर एकदा उलटून पाहावे, दरवर्षी येणाऱ्या तारखा, विम्याचा हप्ता, गाडीचे पीयूसी, गीझरची सर्व्हिसिंग, नव्यावर उतरवून घ्याव्यात. हे काम मुलांकडे द्यावे. त्यांचे अक्षर सुधारते आणि घरात काय काय चालते तेही त्यांना कळते. दूधवाल्याचे डिसेंबरातले तीन खाडे तेवढे आधी वजा करून घ्यावेत.