पुराच्या पिशवीत किचनमधला लायटर चालेल का?

मे २०२५ च्या शेवटी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत इतका पाऊस झाला की एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. अशा दिवसांसाठी वरकुट्यासारख्या गावात पिशवी भरून ठेवायची म्हटलं, तर टॉर्च, औषधं आठवतात. पण पेटवायला काय? बहुतेकांचं उत्तर, किचनमधला लायटर.

इथेच गडबड होते. तो फक्त ठिणगी पाडतो. बटण दाबलं की आतला छोटा हातोडा पिझो स्फटिकावर आपटतो आणि वीज तयार होते. त्यावर गॅस पेटतो. मेणबत्ती किंवा चूल नाही. सिलिंडर संपला की हा लायटर असून नसल्यासारखाच.

म्हणून ज्योत देणारा ब्यूटेनचा लायटर हवा. घेताना आयएसआय चिन्ह बघा, टाकी पारदर्शक असेल तर उत्तम. चाकवाला लायटर भिजला तरी वाळवून पुन्हा चालतो. भिजलेली काडेपेटी मात्र गेलीच! पेट्रोलसारख्या द्रवावर चालणारे लायटर टाळा. त्यातलं इंधन न वापरताही काही आठवड्यांत उडून जातं.

लायटर झिपच्या पिशवीत, मुलांपासून लांब ठेवा. तापलेल्या पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत नको, ५० अंशांपुढे तो फुटू शकतो. पावसाळ्याआधी एकदा पेटवून बघा.

पाणी ओसरल्यावर घरात गॅसचा वास आला, तर कुठलाच लायटर वापरू नका, लाइटचं बटणही दाबू नका. दारं-खिडक्या उघडून बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.